नमुनाबाईचं बोट

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे नमुनाबाई म्हणत. बायकांचा कुठलाही नवा बूट आधी तिच्या पायात जायचा. इथे टोचतंय, तिथे ढिला आहे, असं ती सांगायची आणि मास्तर त्याबरहुकूम साच्यावर कानस चालवायचा. अंगठ्याशेजारचं तिचं बोट सगळ्यात लांब, बुटाची लांबी त्यावरूनच ठरायची. पाय अगदी मापाचे. तोंडाला मात्र काही माप नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती शिलाईच्या बायकांना दिवसभर टोमणे मारायची. सुखात होती.

एका दुपारी मास्तर कुणावर तरी भडकला आणि त्याने लोखंडी साच्यांची गाडी लाथेने ढकलली. गाडी उलटली ती थेट हिच्या उजव्या पायावर.

"स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास की," मास्तर म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

नेमकं तेच लांब बोट मोडलं होतं. जवळच्या दवाखान्यात ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून दिलं. हाड जुळलं, पण वाकडं. बोट आकसून वर उचललं गेलं आणि सांध्यावर घट्टा पडला. बुटात पाय घातला की डोळ्यांत पाणी यायचं.

"बोट सरळ करून ये, खुर्ची तुझीच," मास्तर म्हणाला. तोवर खुर्ची परक्या बाईला मिळू नये म्हणून तिने धाकट्या बहिणीला तिथे बसवलं. दोघींचे पाय एकाच मापाचे. लहानपणी हिच्या जुन्या चपला धाकटीच वापरायची.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने बोट दाबून पाहिलं. "सांध्यातलं थोडं हाड कापू, आत तार घालू. बोट सरळ होईल. किंचित आखूड होईल, पण कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मास्तरला कळेल."

"मास्तर काय तुमची बोटं मोजतात?"

"तेच काम आहे त्यांचं."

डॉक्टर हसला आणि पुढच्या पेशंटकडे वळला. वाकड्या बोटाने बूटच चढेना, आणि आखूड बोट मापात बसेल याची खात्री नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ती हो म्हणाली.

दीड महिना तारेचं टोक बोटातून बाहेर होतं. संध्याकाळी धाकटी पलंगावर येऊन बसायची. "मास्तर म्हणतात, माझी टाच तुझ्याहून बरी आहे."

"बसायचं तेवढं बसून घे," ही म्हणायची. "माझी खुर्ची आहे ती."

तार निघाली, सूज उतरली, बोट छान सरळ झालं. मास्तरने स्वतः तिच्या पायात नवा बूट चढवला आणि पुढच्या टोकावर अंगठा दाबला. मग पुन्हा दाबला.

"बरोबर बसलाय," ती घाईघाईने म्हणाली.

"बसलाय कुठे? पुढे पोकळ लागतंय."

"चालताना कळत नाही, मास्तर. खरंच."

मास्तरने बूट काढून घेतला आणि मागे उभ्या असलेल्या धाकटीला खुर्चीत बसायची खूण केली. धाकटी बसली. तिने बहिणीकडे पाहिलंही नाही.

"आता आलीच आहेस, तर रिकामी कशाला उभी राहतेस?" मास्तर म्हणाला. "तिच्या नाड्या बांध."

ती गुडघ्यांवर बसली. नवं बोट जमिनीवर दाबलं गेलं आणि कळ मांडीपर्यंत गेली. शिलाईची यंत्रं एकेक करून थांबली; बायका बघत होत्या. तिने नाडी आवळली.

"हळू गं," धाकटी म्हणाली. "बोट मोडशील माझं."

ते तिला खरोखरच मोडावंसं वाटलं. तिने नाडी सैल केली.