तात्यांचा डावा हात

नव्वदच्या दशकात मी बारामतीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "मेंदूला रक्त कुठून जातं?"

मी म्हणाले, "खालून."

मागं बसलेल्या मुली खिदळल्या. मॅडम हसल्या नाहीत. "चूक नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या, "पण एवढं आमच्या शिपायालाही माहीत आहे. पुन्हा बस परीक्षेला."

पुस्तक काखोटीला मारून मी पळसदेवला घरी आले. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या, मेंदूच्या बुडाशी त्यांचं झालेलं कडं, कड्यातून फुटलेल्या शाखा, सगळं ओसरीवर बसून मोठमोठ्यानं घोकायला लागले. शेजारी तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, बिडी ओढत ऐकायचे. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती. मेंदूचा उजवा भाग डावं अंग चालवतो, हे ऐकून ते भडकलेच.

"ढीगभर मुंडकी फोडली मी. असलं उलटं काम कुठं दिसलं न्हाय."

"भेजा खाताना कसं दिसंल, तात्या?"

"चवीवरनं कळलं असतं की!"

दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातली बशी खाली पडली. हात उचलेना. तोंड एका बाजूला ओघळलं. "वारं गेलं गं अंगावरनं!" म्हणून काकू ओरडली. शेजारचे आबा धावले आणि कुठूनसं एक कबुतर धरून आणलं. त्याचं रक्त चोळलं की वारं उतरतं, अशी त्यांची पक्की खात्री.

माझ्या तोंडून पाठांतर बाहेर पडलं. "कबुतर नको, जीप आणा! तात्यांच्या मेंदूत उजवीकडं रक्त अडलंय."

तात्यांची जीभ जड झाली होती. तरी बोबडं बोबडं म्हणाले, "हात डावा गेलाय... अन् ही उजवीकडं बघती. म्हणून नापास झाली."

"गप बसा!" मी खेकसले. थोरल्या चुलत्यांना असं कधी बोलले नव्हते. आणि ते खरंच गप्प बसले, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

जीप भिगवणमार्गे बारामतीच्या दवाखान्याकडं निघाली. आबा कबुतर मांडीवर घेऊन पुढं बसले. "डॉक्टरला न्हाय जमलं तर असू दे," म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं. "मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलाय."

तात्यांनी माझ्याकडं तिरकं पाहिलं. "ह्यो बी तुझ्याच शाळंतला व्हय?"

आठवड्यात हात थोडा हलायला लागला. मग मॅडम आमचा अख्खा वर्ग घेऊन तात्यांच्या खाटेपाशी आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या मात्र नवरदेवासारखे उशीला टेकून बसले. मॅडमनी तोंड उघडायच्या आतच सुरू झाले, "हात डावा, बिघाड उजवीकडं. आतून तारा उलट्या जोडल्यात. लिवून घ्या पोरींनो, पुन्हा सांगणार न्हाय."

मुलींनी खरंच लिहून घेतलं. मॅडमनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या खेपेला मी पास झाले, काठावर. तात्या काठी टेकत चालायला लागले, पण डाव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. बिडी धरायला बरी पडतात म्हणायचे, आणि काकू ती बिडी हिसकावून चुलीत टाकायची.