आखाजीसाठी लिननची चादर

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर शेजारपाजार विचारतो. ती आली आणि त्याच संध्याकाळी परत गेली, तर कोणी विचारत नाही, नुसतं बघतात. ते बघणं मला जास्त लागतं.

माझी मुलगी धुळ्यात दिली आहे. आम्ही जळगावात, नशिराबादच्या बाजूला. दोन-अडीच तासांचा रस्ता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती चांगली आठवडाभर राहिली, झोके खेळली, मैत्रिणींबरोबर गौराईची गाणी म्हणाली. पुढच्या दोन्ही वर्षी मात्र सकाळी आली, सांजोऱ्या खाल्ल्या, आमरस जेवली आणि ऊन उतरताच निघाली. मी थांब म्हणालो, तर म्हणाली, "आप्पा, मला इथे झोप लागत नाही."

तिच्या आईने खोदून विचारलं तेव्हा कळलं की गरम होतं, चादरी टोचतात, अंगावर पुरळ येतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. लहानपणापासून ती तिथेच झोपत आली. तिला पुरळ कधीपासून यायला लागलं? मला कारण लगेच सापडलं. धुळ्याच्या अंथरुणाची सवय.

ते अंथरूण मी पाहिलं होतं. त्या पहिल्या आखाजीनंतर एकदा कामासाठी धुळ्याला गेलो असताना व्याह्यांनी आग्रहाने ठेवून घेतलं. पलंगावर फिकट, किंचित खरखरीत चादर होती. पडलो तसं गार लागलं आणि सकाळपर्यंत कूस बदलली नाही. सकाळी चहाला त्यांचे भाऊबंद बसले होते. मी चादरीचं कौतुक केलं. मोठ्या मनाने केलं, तो माझा मूर्खपणा. व्याही हसून म्हणाले, "लिनन आहे पाव्हणं, लिनन. तुम्हाला नाही कळायचं. कापूस विकणं वेगळं, अंथरणं वेगळं." सगळे हसले. मीही हसलो, कारण मुलीच्या सासरी दुसरं करणार काय. पण तो चहा मला आजही पचलेला नाही.

कारण कापूस हेच माझं शिक्षण. दोंडाईच्याकडे जिनिंगच्या आवारात मी माल उतरवायला लागलो तेव्हा अंगावर एकच सदरा होता. कवडी, म्हणजे किडका-डागी, कापूस वेचून बाजूला काढता काढता हात शिकले. पुढे खेड्यापाड्यांतून माल घ्यायला लागलो, मग स्वतःचा तोलकाटा लावला. रुईचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढला की धागा किती लांब ते मी सांगतो. माल भिजवून आणलाय का, हे गाडीजवळ उभं राहून वासावर सांगतो. भाव पाडताना माझा आवाज चढतो हे खरं आहे, पण खोट्या मालावरच चढतो. अशा माणसाला धाग्यातलं कळत नाही म्हणणं म्हणजे काय?

तेव्हा या वर्षी ठरवलं, लिनन आणायचं. व्याह्यांपेक्षा सरस आणि त्यांच्यापेक्षा स्वस्त. पोरगी आखाजीला राहिली पाहिजे.

मुलगा पुण्यात नोकरीला असतो. त्याने मोबाइलवर चादरींचे फोटो पाठवले. फोटोला हात लावता येत नाही, म्हणून मी जळगावच्या बाजारात गेलो. एका मोठ्या दुकानात शेठने पहिलीच चादर काढली ती मातकट रंगाची. बोटं फिरवली, तर धाग्यात जागोजागी जाड गाठी. मूठ आवळून सोडली, तर चुण्याच चुण्या.

"हा काय माल आहे?" मी म्हटलं. "गाठी बघा. आमच्याकडे असा माल आला तर आम्ही गाडी उतरवू देत नाही."

"भाऊ, लिनन असंच असतं."

"मला शिकवू नका. एकसारखा धागा दाखवा. पांढरा, गुळगुळीत."

त्याने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि आतून दुसरी पेटी आणवली. पांढरीशुभ्र, मऊ, एकही गाठ नाही. वर लिननच लिहिलेलं. मी ती घासाघीस करत, दोनदा दुकानाबाहेर पडून परत येत, त्याच्या सांगण्याच्या निम्म्यावर आणली. वर उशांचे अभ्रे फुकट काढले. घरी येईपर्यंत मी खुशीत होतो. निम्म्या भावाला तो इतक्या लवकर कसा तयार झाला, हा प्रश्न मला रस्त्यात पडला नाही. कापसाच्या गाडीवर नक्की पडला असता.

बायकोने चादर धुऊन वाळत घातली. खाली फरशीवर पाणी सांडलं होतं, तिने चादरीचं टोक सहज त्यावर दाबलं. पाणी नुसतं बाजूला सरकलं. ती माहेरची धुळ्याकडची, चिडली की अहिराणीत बोलते. "हाई चादर पानीबी पेत नही," ती म्हणाली. "बठ्ठा पैसा पानीमा गया."

"नवीन आहे. एक-दोन धुण्यांत शोषेल."

"तुम्हीच झोपून बघा."

मी झोपलो. सकाळी पाठ ओली आणि चादर कोरडी. तिच्या कडेचा एक धागा काढून काडी लावली. कापसाचा असता तर कागदासारखा जळून त्याची राख झाली असती. हा वितळला आणि टोकाला काळा मणी धरला.

मी पेटी उचलून दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर जे बोलायचं ते बोललो. शेठ शांत होता. म्हणाला, "भाऊ, अस्सल माल मी आधी दाखवला होता. तुम्ही त्याला गाठीचा म्हणालात. तुम्हाला जसा पाहिजे तसा दिला."

"पेटीवर लिनन कशाला लिहिलंय?"

"त्यात थोडं असतं."

"थोडं म्हणजे? पोळीला लावलेल्या तुपाइतकं?"

त्यावर बाकीचे हसले आणि शेठने पेटी परत घेतली. पैसे सोडवले, तरी जिंकलो असं वाटलं नाही. मी लिननला कापसाच्या मापाने मोजलं होतं. कापसात गाठ म्हणजे खोट. लिनन हा जवसाच्या झाडाच्या सालीतला धागा. जवस आम्हाला ठाऊक ते चटणीपुरतं. त्या सालीचा धागा एकसारखा निघतच नाही, कुठे जाड, कुठे बारीक. सगळीकडे आरशासारखं गुळगुळीत असेल तर उलट शंका घ्यावी. ते चुरगळलंही पाहिजे. हे मी मग चार दुकानं हिंडून, विकत काही न घेता, हात लावून लावून शिकलो. पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा उभा न राहता पसरला पाहिजे. कापड उजेडाकडे धरलं की विणीतून मच्छरदाणीसारखं आरपार दिसता कामा नये, नाहीतर चार महिन्यांत विरतं. पहिल्या धुण्यात ते आटतं, म्हणून लांबी हातभर जास्त घ्यावी.

भावाचंही एक गुपित हाताला लागलं. पेटीबंद संच घेतला की पेटीचे, रिबिनीचे आणि वरच्या फोटोतल्या बाईचेही पैसे आपण देतो. गच्चीवरची गादी एकेरी. तिला शर्टाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदीही पुरते. म्हणजे लिननच्या ताग्याचा उरलेला शेवटचा तुकडा मीटरवर घ्यायचा, रंग न दिलेला घ्यायचा आणि घरी चारी बाजूंनी शिलाई मारायची.

एवढं ज्ञान घेऊन मी आखाजीच्या तोंडावर धुळ्याला गेलो. लेकीला आणायला मुराळी जावा लागतो. तो मान भावाचा, पण आमच्या चिरंजीवांना सुट्टी नव्हती, म्हणून मुराळी मीच. व्याही घरी नव्हते. बरंच झालं. विहीणबाईंचा चहा घेतला, मुलीची पिशवी गाडीत टाकली आणि तिला सांगितलं, "आधी बाजारात जायचं. तुझ्या झोपेची सोय करायची आहे."

"माझ्या झोपेची?" ती म्हणाली. मग गाडीत बसली.

धुळ्याच्या कापडबाजारात दुपारचं सामसूम होतं. दुकानदार म्हातारा, पंख्याखाली पेंगत होता. मी तागे काढायला लावले. थेंब टाकला, मूठ आवळली, उजेडाकडे धरलं. माल खरा होता. मला जोर आला.

"याच्याहून भारी दाखवा," मी म्हटलं. "माझ्या व्याह्यांकडे असलंच आहे. इथलेच ते. मोठी हौस लिननची. चारचौघांत सांगत फिरतात. त्यांच्या नाकावर टिच्चून..."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघतो तर मुलगी दुकानाबाहेर.

समोरच्या रसवंतीच्या बाकावर ती बसली होती. मी दोन ग्लास रस सांगितला आणि शेजारी बसलो.

"काय झालं? ऊन लागलं का?"

"आप्पा, खरं सांगू? चिडणार नाही?"

"चिडेन. तू सांग."

ती थोडी हसली. "मला कसलं पुरळ येत नाही. आईला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. गच्चीवर अंथरुणं पडली की तुमचं सुरू होतं. धुळ्याचे असे, धुळ्याचे तसे, काय बोलले, कोण हसलं. दरवेळी पहिल्यापासून. मी त्या घरात राहते, आप्पा."

"मग त्यांनी बोलावं आणि मी..."

"तिकडे तुम्हाला कोणी बोललं तर मी गप्प बसत नाही. इकडे तुम्ही त्यांना बोलता तेव्हा मला गप्प बसावं लागतं, कारण तुम्ही बाप आहात. तसं पडून राहिल्यावर झोप लागते का कोणाला?"

रसाचे ग्लास आले. मी माझा हातातच धरून ठेवला.

"तू काय बोललीस तिकडे?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी मामंजींना सांगितलं, माझ्या वडिलांना असं बोलायचं नाही. ते म्हणाले, अगं गंमत केली. मी म्हटलं, गंमत असली तरी नाही. दोन दिवस घरात कोणी धड बोलत नव्हतं."

"मग मला सांगितलं नाहीस? मी इतकी वर्षं..."

"सांगितलं असतं तर तुम्ही फोन लावून नव्याने भांडला असता."

"लावलाच असता," मी म्हणालो. ती तोंडातला रस सांभाळत हसली. मला हसू आलं नाही. मी मनात तो दिवस बघत होतो. नवी सून, सासऱ्यासमोर उभी, माझ्यासाठी. आणि मी तेव्हा घरी येऊन बायकोपुढे आदळआपट करत होतो. माझ्या बाजूने जगात कोणी नाही, हीच माझी तक्रार होती.

"मग आता चादर घ्यायची की नाही?" मी विचारलं.

"घ्या ना. छान आहे. पण माझ्यापुरती घ्या, कोणाच्या नाकासाठी नको."

आम्ही परत दुकानात गेलो. आता कापड तिने निवडलं. मातकट, रंग न दिलेलं, चांगल्या जाड-बारीक धाग्याचं. भाव मात्र मीच केला आणि आवाज चढवूनच केला. त्याबद्दल तिची काही हरकत नव्हती. म्हाताऱ्याने आधी कपाळाला हात लावला, मग ताग्याचं टोक म्हणून हातभर कापड जास्त सोडलं. अभ्र्यांचं काम झालं.

घरी परतताना पारोळ्याच्या पुढे मी विचारलं, "राहशील ना?"

"बघू," ती म्हणाली. "तुमच्यावर आहे."

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी बायकोने मशीन काढून कडा शिवल्या. जेवणं झाली, गच्चीवर पाणी मारलं, अंथरुणं पडली. मी पाठ टेकली आणि नेहमीचं सगळं जिभेवर आलं. खरं सांगतो, राग कुठेही गेलेला नव्हता. नवीन मुद्देही सुचले होते. मी केळीच्या भावाबद्दल बोललो. शेजाऱ्याच्या बोअरबद्दल बोललो. दोन्ही विषय संपले तेव्हा शेजारच्या गादीवरून लेकीचं उत्तर येत नव्हतं.

सकाळी उन्हाची तिरीप गच्चीच्या कठड्यावर आली तरी ती झोपलेली होती. चादरीला चुण्या पडलेल्या. खालून बायकोने दोनदा हाक मारली, मी हातानेच गप्प राहायला सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. व्याही होते. मी घाईने जिन्याकडे गेलो, पण आवाजाने ती जागी झालीच. डोळे उघडले नाहीत. ऐकत होती, हे मला तिच्या श्वासावरून कळलं.

"आखाजीच्या शुभेच्छा, पाव्हणं," व्याही म्हणाले. "सूनबाईंना संध्याकाळी घ्यायला येऊ का?"

"अजून झोपली आहे."

"एवढा वेळ? झोप चांगली लागली म्हणायची. तुमच्याकडे!"

त्या शेवटच्या शब्दावर मला एक असं उत्तर सुचलं, की त्यांना वर्षभर पुरलं असतं. नेमकं, छोटं, वर्मी बसणारं. असं उत्तर आयुष्यात दोन-तीनदाच सुचतं. मी ते तोंडात धरून उभा राहिलो.

"लागली," मी म्हणालो. "चार दिवस राहू द्या तिला."

"राहू द्या की," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी वळलो. तिने कूस बदलली होती, चादर डोक्यावर ओढून घेतली होती. मी जिना उतरून खाली गेलो आणि बायकोला म्हटलं, "चहा एवढ्यात टाकू नकोस."