पांढऱ्या पट्टीवरचा गहू

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळी साली मुरुडजवळच्या आमच्या शेतावर बैलगाडीने आले ते असे: गव्हाच्या कागदी पुड्यांची पेटी, बांबूच्या खुंट्या, सुतळीचे गुंडे आणि डॉ. यशोधराताई. गाडीभाडे बारा रुपये. ते ताईंनी पदरचे दिले. हीच आमची पहिली ओळख.

ताई मूळच्या बिलोलीच्या, बौद्ध घरातल्या. गव्हाचे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी आमच्याकडे सर्वांत निकस जमीन मागितली. मामंजी म्हणाले, "बाई, वाईट जमीन बघायला इतक्या लांब आलाव? हितं कुठंबी हुबं राहा." ताई हसल्या आणि त्यांनी चुनखडीची पांढरी पट्टी निवडली. तिच्यात पिकाला जस्त मिळत नाही. तिथे खताविना जो गहू तगेल, त्याचेच बी पुढे धरायचे, हे त्यांचे काम. गाव म्हणे, सरकारी बाई गव्हाला उपास घडवायलीय.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही रानात आंबील शिंपडतो. एकही कोपरा सुटू देत नाही. तेव्हा पिवळ्या पडलेल्या ओळी सासूबाईंना बघवल्या नाहीत. पिण्याचे पाणी लांबून डोक्यावर आणावे लागे. त्यातल्याच घागरीत शेण कालवून त्यांनी ते ओळींना पाजले. पुढे ओळी हिरव्या झाल्या. घरात सारे खूश.

ताई आल्या, पाहिले आणि बांधावर बसून राहिल्या. तगलेला कोणता आणि पोसलेला कोणता, हे कळायला मार्ग उरला नव्हता. हंगाम वाया गेला होता. काय चुकलं, असे सासूबाईंनी विचारले.

"आई, उपाशी लेकरापुढं ताट ठेवलंत. त्याला चूक कशी म्हणू?"

मग ताईंनी स्वतःच ओळी उपटल्या आणि आमच्या गाईपुढे टाकल्या. तोवर त्यांचे पान ओसरीवर मांडत असू. त्या दिवशी सासूबाईंनी ते चुलीपाशी मांडले.

पुढच्या साली पेरणी पहिल्यापासून. सोबतचे लोक मोठ्या गावी गेले, ताईंनी बढतीची बदली नाकारली. संध्याकाळच्या एसटीने त्या लातूरच्या खोलीवर एकट्या परतत. त्या पट्टीतला गहू पुढे मुखेडच्या हलक्या रानातही उभा राहिला.

आता मामंजी, सासूबाई, हे, कोणीच नाही. ताईंचेही गुडघे धरतात, त्यामुळे येणे थांबले आहे. चिरंजीव पुण्याहून आले की म्हणतात, तलावाचा गाळ टाकून पट्टी सुधारू. मी अजून हो म्हटलेले नाही. पट्टीत खताची पाटी पडू दिलेली नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या ताईंना आई तुळजाभवानीने चालते पाय आणि पुष्कळ आयुष्य द्यावे, एवढेच मागते. हा गौरवग्रंथ हाती पडल्यावर ताईंनी एवढे करावे: पट्टी अजून उपाशी ठेवायची का, ते उलट टपाली कळवावे.