वाघ कुठून येतो

"हा रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे," सोलापूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं आणि कडेकडून ते काळं करत आणलं. मधे रुपयाएवढी पांढरी जागा उरली. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरतात. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटी. "गेलेली नजर परत आणणारं औषध माझ्याकडे नाही. पण काम थांबवू नका, वेगळ्या तऱ्हेने करायला शिका."

लक्षण खरं तर आधीच दिसलं होतं, वळसंगला, गावच्या घराच्या फरशीवर. माझे वडील, आप्पा, आणि मी माझ्या लहानपणापासून वाघ-बकरी खेळतो. आप्पांच्या वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या, माझ्या बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. आप्पा शाळेत गेले नाहीत आणि मी घरातला पहिला पदवीधर. बोलायला विषय कमी पडत, पण खडूने आखलेल्या पटावर आम्ही बरोबरीचे होतो. अलीकडे त्यांचा वाघ कुठून यायचा तेच मला कळेना. "लई शिकून मंद झालास व्हय रं?" ते म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

पुढच्या तपासण्यांत व्हिज्युअल फील्ड टेस्ट होती. यंत्रात समोर बघत राहायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ दिवा आलाच नाही, म्हणून मी तंत्रज्ञ बाईंना यंत्र बंद पडल्याचं सांगितलं. "चालू आहे, दादा," त्या हळूच म्हणाल्या.

नजर आणखी आकसल्यावर पट बंद झाला. वळसंगचा फोन 'जेवलास का' इथे सुरू होऊन तिथेच संपायचा. मला त्याचीच जास्त धास्ती होती.

माझी बायको सरिता संगणक शिकवते. तिने ब्राउझरमध्ये उघडेल असा वाघ-बकरीचा खेळ बनवायला घेतला. मी स्क्रीन रीडर वापरायला शिकलो होतो. पडद्यावर असेल ते तो वाचून दाखवतो. सरिताने प्रत्येक घराला नाव दिलं. मग प्रत्येक चालीनंतर तो अख्खा पट वाचू लागला. शेवटचं घर येईपर्यंत मी पहिलं विसरलेलो.

तिने शाहीनला विचारलं. शाहीन जन्मापासून अंध आहे आणि वेबसाइट तपासण्याचं काम करते. थोडा वेळ खेळून ती म्हणाली, "भाभी, इसको चुप बिठाव. मैं पूछी तो बोलना, नहीं तो नक्को."

सरिताने सगळं पुन्हा लिहिलं. आता बाणाच्या कळांनी घराघरांतून फिरायचं. एक कळ दाबली की शेजारी कोण आहे तेवढंच ऐकू येतं. वाघ डावीकडून आला तर डाव्या कानात पाऊल वाजतं. शाळा सांभाळून ती हे करत होती. माझ्यावर उपकार करतेय असं तिच्या आवाजात एकदाही आलं नाही.

आप्पा गावाकडून त्यांच्या मोबाईलवर बोटाने खेळू लागले. मी जिंकलो. पुन्हा जिंकलो. तिसऱ्या डावात माझी बकरी उघडी पडली होती, तिच्या मागचं घर रिकामं होतं, वाघ शेजारी उभा होता. मी कळ दाबून खात्री केली. आप्पांनी वाघ दुसरीकडे नेला.

मी फोन लावला.

"आप्पा, बकरी सोडलीत तुम्ही."

"दिसली न्हाय मला."

"मला दिसली की."

मग आप्पा म्हणाले, "खरंच दिसली?"

"हो. आणि तिच्या मागचं रिकामं घरही."

"बरं. मग आता हरल्यावर रडायचं न्हाय."

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आला आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: माणसाला सांभाळाच, पण त्याचं हरणं काढून घेऊ नका. सरिता, शाहीन आणि डॉक्टर मॅडम यांचे आभार मी कसे मानू ते मला कळत नाही.

पुढच्याच डावात डाव्या कानात पाऊल वाजलं. मी तिकडची बकरी हलवली, तोच उजवीकडून दुसरं वाजलं आणि त्या बाजूची बकरी गेली. फोनवर आप्पा हसत होते, पोटभर, पूर्वीसारखे.