कोर्दोब्याच्या पुलावरचा चहा

दाऊदभाईंच्या पुलावर मी चहा सांडला, त्या दिवसापासून आमची दोस्ती. पूल स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातला, चहा कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या घरातला. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून घडीचा एक नकाशा काढून टेबलावर पसरला. टेबलावर काहीतरी अंथरलंय एवढंच पाहून मी त्यावर भरलेला कप ठेवला. ठेवला म्हणजे कलंडला.

"दुसऱ्याची वस्तू! जरा बघून तरी ठेवावा माणसानं," ही करवादली.

"असू दे वहिनी," रुमालाने टिपत दाऊदभाई म्हणाले, "नदीला पूर आला म्हणू." वाळल्यावर तो कागद पुलापाशी फुगला, चुरमडला आणि तसाच राहिला.

दाऊदभाई बाणकोटचे. कुवेत शहराच्या शर्क भागात एका कंत्राटदाराकडे मी टायपिस्ट आणि ते ड्राफ्ट्समन. जुनी मातीची घरं पाडून सिमेंटचं नवं कुवेत उठत होतं, ते दिवस. नकाशा काढताना दाऊदभाई एखाद्या दारावर हळूच कमान काढायचे आणि साहेब ती खोडायचा. "सरळ रेघ कुणीही मारील रे भाऊ," ते म्हणायचे, "कमानीला नजर असावी लागते." कोर्दोब्याचा नकाशा त्याच साहेबाने केराच्या टोपलीत टाकलेला. त्यावर इमारतींची छोटी छोटी चित्रं होती.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून ते आमच्याकडे जेवायला येत आणि मग आम्हा दोघांना कोर्दोबा दाखवत. सुरुवात पुलावरून. पलीकडे वेस. मशिदीची लांब भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचं, मग वळून क्षमेचा दरवाजा. "चपला काढा," ते खरोखर सांगत, आणि आम्ही खरोखर काढत असू. आत नारंगीच्या झाडांचं अंगण. "वास येतोय?" मला हिच्या सुरमईचा यायचा, पण मी मान डोलवायचो. मग खांबच खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, एकीवर एक चढवलेल्या कमानी. मध्येच मागाहून बांधलेलं चर्च. तिथे दाऊदभाईंचा आवाज उतरायचा. "हळू चाला. कुणी प्रार्थना करत असेल."

एका वर्षी सुट्टी जवळ आली तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. "भाऊ, व्हिसासाठी इंग्रजीत अर्ज टाइप करून दे. या खेपेला गावाआधी तिकडे जाऊन येतो. डोळे जरा दगा देतायत."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," मी डॉक्टर असल्यासारखा म्हणालो. हातात कामाचा ढीग होता. "पुढच्या सुट्टीत जा की. बाराशे वर्षं उभी आहे ती मशीद, दोन वर्षांत पडणार आहे का?"

"ती नाही रे पडायची," ते म्हणाले आणि गावाला गेले.

तो काचबिंदू होता. पुढची सुट्टी येईतो त्यांना फूटपट्टी लावूनसुद्धा रेघ दिसेना. कंत्राटदाराने त्यांना मोकळं केलं. बोटीत बसण्याआधीच्या शुक्रवारी त्यांचा तिथलाच एक पुतण्या त्यांना आमच्या दारापर्यंत सोडून गेला. जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा नकाशा पसरला आणि त्यावरून तळहात फिरवला. चहाने चुरमडलेला कागद बोटांना लागला.

"हा बघ पूल," चेहरा उजळून ते म्हणाले. "बरं झालं तू सांडलास."

पुलापर्यंत बोट बरोबर गेलं. पुढे कागद गुळगुळीत होता. तोंडाने ते वेस, भिंत, क्षमेचा दरवाजा सांगत होते आणि बोट नकाशाबाहेर, टेबलाच्या कडेकडे चाललं होतं. ते धरून जागेवर आणावं असं मला वाटलं, पण माझा हात काही उठेना. "चपला काढा," ते म्हणाले. ही उठली आणि चपला दाराशी ठेवून आली.

नकाशा ते ठेवून गेले. "मला तोंडपाठ आहे," म्हणाले.

त्यांना बोटीवर पोचवून आल्यावर मी डोळे मिटून नकाशावर बोट फिरवलं. पूल सापडला, पुढे काहीच सापडेना. न टाइप केलेल्या अर्जाचं मी हिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिने त्या डागावरून बोट फिरवलं.

"सांडायचाच होता," ती म्हणाली, "तर सगळ्या गावभर सांडायचा होतात."