बोर नदीच्या डोहातला शून्य

१. सोमवारी सकाळी पुण्याहून वर्ध्याला पोहोचले. गाडी तीन तास उशिरा.
२. मंगळवारी सेलूच्या पुढे, बोर नदीच्या एका डोहावर गेले. आमच्या तक्त्यात या डोहासमोर महासीर माशांची संख्या शून्य होती.
३. तिथे मला तीन मासे दिसले. दोन नक्की महासीर. तिसऱ्याबद्दल मी काही म्हणणार नाही.
४. बुधवारी परत निघाले.

ज्यांना फक्त एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांच्यासाठी पुढचं.

माझं काम असं: नदीची खोली, प्रवाहाचा वेग, तळाशी वाळू आहे की दगड, आणि मासा सापडला की नाही, हे सगळं मांडून दुर्मिळ माशाला कशी जागा लागते याचं गणित करायचं. त्यावरून नदीचे कोणते पट्टे राखायचे ते ठरणार आहे. राहिलेल्या पट्ट्यांत वाळू उपशासाठी रेतीघाटांचे लिलाव होतील. आमच्या गणिताप्रमाणे महासीरला खोल पाणी अजिबात नको आहे. उन्हाळ्यात नदी आटल्यावर तो मग कुठे राहतो, हे मी चार वेळा विचारलं. साहेब म्हणाले, जाऊन बघ.

वर्ध्याच्या स्टँडवर तर्री पोहे खा, आठ रुपये. प्रवासातली ही एकच गोष्ट वेळेवर मिळाली. मुक्काम पिपरी मेघेला मावशीकडे होता. तिथे सोमवारी दिवसभर वीज नव्हती, त्यामुळे लॅपटॉप हे निव्वळ ओझं ठरलं. सेलूपर्यंत एसटी आहे. पुढे काळी-पिवळी जीप, पंधरा रुपये. ती बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आम्ही नऊ होतो. पन्नास मिनिटं नऊच होतो.

शंकरभाऊ त्या काठावर तीस वर्षं मासे धरतात. १९९७ साली सर्वेक्षणवाले त्यांच्याकडेच आले होते. त्या सर्वेक्षणाच्या वहीतूनच आमच्या तक्त्यात आकडे आले आहेत; तिची झेरॉक्स मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि बरोबर आहे म्हणाले.

"काई नाई भेटलं, असंच सांगलतं म्या. त्यात खोटं काय हाय?"

जाळं कितीदा टाकलं होतं, असं मी विचारलं.

"त्या डोहात? खाली सारे गोटे हायेत, मॅडम. जाळं फाटते. तिथं कोन टाकते?"

"मग हे त्यांना सांगितलं का नाही?"

"त्यायनं इचारलंच नाई. इचारलं, किती भेटले. म्या सांगलं, एकही नाई."

मी झेरॉक्सची घडी घातली. अकरा वर्षं त्या शून्यावर गणितं चालली आहेत. त्यांतली दोन वर्षं माझी.

त्यांची बायको, कमलाबाई, भांड्यांची टोपली घेऊन डोहाकडे निघाली होती. "मले इचारलं असतं त म्या सांगतलं असतं," ती म्हणाली. "मी रोज पायतो. भांडे घासाले बसलं का उष्टा भात खायाले येतात." मग नवऱ्याकडे बघून, "याले एक भेटत नाई, अन् माह्या हातचं खाऊन जातात."

शंकरभाऊ म्हणाले, माशांना तिच्या हातचं आवडतं, मला पर्याय नाही. तिने टोपली त्यांच्याच हातात दिली.

तिच्याबरोबर गेले. मूठभर भात पडला. पाणी हिरवं, तळ दिसत नव्हता. मग खालून तीन लांब सावल्या वर आल्या, मोठे सोनेरी खवले, आणि भात संपला तशा खाली गेल्या. मी काढलेल्या फोटोत फक्त पाणी आलं आहे.

परत येऊन तक्ता उघडला. या डोहाची नोंद मी दुरुस्त केली. पण त्याच वहीत, त्याच अक्षरात, आणखी बावीस शून्यं आहेत, आणि बहुतेक खोल पाण्याची. ती कोरी ठेवली तर गणित उलटतं. तशीच ठेवली तर हे डोह रेतीघाटांना मोकळे होतात. मला पटतं म्हणून शून्य खोडणं, हीसुद्धा बनवाबनवीच. ठिकाणं ओळखणाऱ्या सगळ्यांना भेटायला वेळ उरलेला नाही.

वहीवर नाव नाही. निळी शाई, इंग्रजी सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ. ती लिहिणारे किंवा त्यांना ओळखणारे कुणी हे वाचत असतील तर मला एवढंच हवं आहे: त्या बावीस ठिकाणी जाळं टाकलं होतं, की फक्त विचारलं होतं? दोष द्यायचा नाही. अहवाल सोमवारी जातो. कृपया शुक्रवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत इथे खाली उत्तर लिहा.