पाटी वाचून वगळलेली नावं

विधानसभेच्या मतदानाला सहा आठवडे उरले असताना, एका मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता, मंडईमागच्या आमच्या इमारतीतल्या एकोणतीस मतदारांपैकी एकाचंही नाव मतदार यादीत नसल्याचं लक्षात आलं. नव्याने नाव नोंदवण्याची मुदत पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी संपत होती.

ते लक्षात आलं दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. इमारत पुनर्बांधणीसाठी पाडल्यापासून हडपसरला मुलीकडे राहत होत्या. त्यांनी मोबाइलवर आधी स्वतःचं नाव शोधलं. ते सापडलं नाही तेव्हा तळमजल्यापासून सुरुवात करून सगळ्यांची शोधली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आज सर्व गैरहजर आहेत."

इमारत पाडून दीड वर्ष झालं होतं. सभासद भाड्याच्या घरांत पांगले होते. माझे आईवडील विश्रांतवाडीला होते. मी आधीपासूनच वेगळा राहतो, त्यामुळे त्या एकोणतीस जणांत मी नव्हतो. वडील सोसायटीचे सेक्रेटरी. मंडईमागे आता पत्र्याचं कुंपण आणि त्यामागे खड्डा एवढंच होतं, पण पद शिल्लक होतं. खड्ड्याला सेक्रेटरी लागतो कशाला, असं आईने एकदा विचारलं होतं. वडिलांनी त्यावर सोसायटीच्या उपविधींतलं कलम सांगितलं होतं.

सकाळी दहापर्यंत ग्रुपवर तीन तर्क तयार झाले. तळमजल्यावरचे औषध दुकानदार म्हणाले, हे ठरवून केलंय, आपली मतं कुणाला जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची स्वतःची मतं कुणाला जातात हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते दर वेळी दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना चहा पाजत. दुसरा तर्क मतदान यंत्रांचा होता. यंत्रं अजून गोदामात होती, पण तर्काला त्याची अडचण झाली नाही. तिसरा तर्क असा की बिल्डरने आपली नावं स्वतःच्या माणसांना दिली आहेत. यावर बाईंनी विचारलं, "आपल्या जागी मत द्यायला येणारा माणूस आपल्यापेक्षा वेळेवर तरी येईल का?"

मी पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. वडील सोबत आले. ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदीचं काम करून निवृत्त झालेले. कागद कुठे अडतो हे आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता.

मतदार नोंदणी कार्यालयात एका मॅडमनी फाइल काढून दाखवली. आमच्या भागाची पडताळणी एका शिक्षकाकडे होती. शिक्षक दिलेल्या पत्त्यावर गेले होते. त्यांनी लिहिलं होतं, "इमारत अस्तित्वात नाही. कुंपणावर सोसायटीची पाटी आहे. पाटीनुसार येथे कोणीही राहत नाही व सभासदांचे पत्ते विचारण्यास मनाई आहे. समोरील इस्त्रीवाल्याने माहिती देण्यास नकार दिला." खाली पाटीचा फोटो होता. पाटी वडिलांच्या अक्षरात होती.

*येथे सध्या कोणीही राहत नाही. कुरिअर, पार्सल, वर्गणी अथवा विचारपूस, कशासाठीही थांबू नये. सभासदांचे नवे पत्ते विचारू नयेत. सांगितले जाणार नाहीत. सेक्रेटरी.*

"ही पाटी कोणी लावलीय?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"मग बरोबर आहे ना, आजोबा. राहत नाही म्हणून तुम्हीच लिहून दिलंय."

"ती कुरिअरवाल्यांसाठी होती."

"तसं पाटीवर कुठे लिहिलंय?"

वडिलांनी फोटो पुन्हा वाचला. "नाही," ते म्हणाले. "सुटलं ते."

त्यांनी एखादी गोष्ट सुटल्याचं मान्य केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

नावं वगळण्याआधी प्रत्येकाला नोटीस पाठवली होती, असं मॅडमनी दाखवलं. एकोणतीस नोटिसा मंडईमागच्या पत्त्यावर गेल्या होत्या, म्हणजे खड्ड्याच्या. सगळ्या परत आल्या होत्या. काही मतदारांचे मोबाइल नंबर नोंदीत होते. त्यांना फोन का केला नाही, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, साहेबांना विचारावं लागेल. साहेब बैठकीला गेले होते. नंतर दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही.

येताना आम्ही इस्त्रीवाल्याकडे थांबलो. तो चाकणकडच्या गावातला, वीस वर्षं तिथेच टेबल लावून आहे.

"शिक्षक आले होते ना, त्यांना सांगायचं होतं की आम्ही कुठे आहोत," वडील म्हणाले.

"काका, तुम्हीच म्हणला हुता, कुणी बी येऊ दे, पत्ता द्यायचा न्हाय. मास्तर आला तर सांग, असं तुम्ही म्हणला न्हाय."

"बरोबर आहे तुझं."

"मास्तर बिचारे दोनदा आले. दुसऱ्यांदा मी त्यांना पाणी दिलं. पत्ता न्हाय दिला."

त्याच दिवशी दुपारी वडिलांनी ग्रुपवर लिहिलं, "आपली नावे वगळली जाण्यास कुंपणावरील पाटी कारणीभूत ठरली आहे. सदर पाटी सेक्रेटरीने लावली होती. सर्वांचे अर्ज मुदतीत दाखल करण्याची जबाबदारी सेक्रेटरी घेत आहे." मग बाईंचं उत्तर आलं. "शुद्धलेखन नेहमीप्रमाणे निर्दोष." औषध दुकानदारांनी आपला तर्क मागे घेतला नाही. पाटी कुणीतरी तुमच्याकडून लावून घेतली असेल, एवढी दुरुस्ती त्यांनी केली.

अर्ज जुन्या पत्त्यावर करता येणार नव्हते. जिथे राहता तिथे नोंदवा, अर्ज मात्र इथेच घेऊन पुढे पाठवू, असं मॅडमनी सांगितलं होतं. म्हणजे प्रत्येकाचा भाडेकरार, प्रत्येकाची सही आणि दोन फोटो गोळा करणं आलं. मोबाइलवरूनही अर्ज भरता येतो, हे मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पाटी हाताने लिहिली होती." पुढचे आठ दिवस ते सकाळी साडेआठला पिशवी घेऊन निघत आणि पीएमटी बसने फिरत. तिचं नाव बदलून बरीच वर्षं झाली आहेत, पण ते पीएमटीच म्हणतात.

शनिवारी हडपसरला मी त्यांच्याबरोबर होतो. बाईंनी दार उघडलं.

"या सेक्रेटरी. इथे पाटी नाही, बेल वाजवली तरी चालते."

"अर्ज आणलाय."

"बसा आधी. पत्ता विचारायचा असेल तर विचारा, मी सांगते."

वडील बसले. बाईंनी अर्ज लाल पेनाने भरायला घेतला, ते पेन वडिलांनी काढून घेऊन निळं दिलं. भाडेकराराऐवजी मुलीच्या घराचं वीजबिल आणि मुलीची सही चालेल का, यावर दोघांत पंधरा मिनिटं वाद झाला. चालतं, असं मॅडमना फोन केल्यावर कळलं. निघताना बाईंनी त्यांना सरबत दिलं आणि विचारलं, "किती झाले?"

"तुमचा धरून एकोणीस."

"गुरुवारपर्यंत होतील?"

"व्हायला पाहिजेत."

बुधवारी संध्याकाळी सत्तावीस अर्ज झाले होते. राहिले होते आईवडिलांचे. आई म्हणाली, "माझा मी भरते. तुम्ही भरलात तर त्यातही कुणी थांबू नये म्हणून लिहाल." तिने दहा मिनिटांत भरला.

अर्जात एका ठिकाणी, या पत्त्यावर कधीपासून राहता, असा रकाना आहे. सगळ्यांच्या अर्जांत वडिलांनी तिथे नुसती तारीख लिहून घेतली होती. स्वतःच्या अर्जात त्यांनी तारखेपुढे लिहिलं, "तात्पुरते. इमारत पूर्ण होईपर्यंत."

गुरुवारी सकाळी मॅडमनी गठ्ठा तपासताना ते पाहिलं.

"आजोबा, हे खोडा. नुसती तारीख ठेवा."

"खोटं आहे का ते?"

"खोटं नाही हो. पण तपासणारा वाचतो. तात्पुरते म्हटलं की तो प्रश्न काढतो."

"बाकीच्यांच्यात नाही ना?"

"बाकीचे ठीक आहेत."

"मग असू दे. कायमचा विश्रांतवाडीत राहतो असं मी लिहून देणार नाही. पन्नास वर्षं मंडईत राहिलोय."

"तसं कोणी लिहायला सांगत नाहीये. दुसरा अर्ज देऊ का? पाच मिनिटांत होईल."

"नको. आहे ते आहे."

मी आणि मॅडमनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी सगळ्या अर्जांवर शिक्के मारले आणि पोच दिली. तेव्हा साडेअकरा वाजले होते. मुदतीला साडेपाच तास बाकी होते. वडिलांनी पोच दोनदा मोजल्या आणि आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर काय झालं म्हणून आईने विचारलं आणि ऐकल्यावर ती म्हणाली, "दुसरी पाटी लावून आलात."

त्या त्या भागांच्या पुरवणी याद्या मतदानाच्या आठ दिवस आधी आल्या. त्यांत आमच्या इमारतीतली अठ्ठावीस नावं होती. वडिलांचा अर्ज नामंजूर झाला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार वास्तव्य तात्पुरते." ते वाचून वडील म्हणाले, भाषा बरी आहे. अपील करता येतं, हे मी सांगितलं. मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, अपील करा, पण निकाल या मतदानापूर्वी येणार नाही.

वडिलांनी त्याआधी एकही निवडणूक चुकवली नव्हती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशीही ते रिक्षाने जाऊन आले होते. ग्रुपवर त्यांनी फक्त यादी टाकली. अठ्ठावीस नावं, अनुक्रमांक, प्रत्येकाचं नवं मतदान केंद्र. आपलं नाव नाही हे त्यांनी लिहिलं नाही. बाईंनी यादी मोजली आणि त्यांना फोन केला. बोलणं बराच वेळ चाललं. वडिलांच्या बाजूने मला "हो", "नाही" आणि "ते माझंच" एवढंच ऐकू आलं.

मतदानाच्या दिवशी वडील इस्त्रीचा सदरा घालून आईबरोबर निघाले. मतदान केंद्र घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत होतं. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारलेली होती. तिथे पोलिसाने त्यांना विचारलं, "काका, तुमची चिठ्ठी?"

"माझं नाही. हिचं आहे."

"मग इथेच थांबा."

आईने मोबाइल आणि पिशवी त्यांच्याकडे दिली आणि रांगेत गेली. रांग लांब होती. ते रेघेच्या अलीकडे उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांना मत दिल्याचं कळवणारे सत्तावीस फोन आले. शेवटचा हडपसरहून होता. त्याआधीच, अकरा वाजून वीस मिनिटांनी, आई बोटाला शाई लावून बाहेर आली होती.